हात लावणाऱ्यांची यादी

“मुलांनो, इथे सगळ्या वस्तूंना हात लावायचा बरं का!” मृण्मयी म्हणाली आणि माझ्या चाळीस पोरांचे ऐंशी हात एकदम पाठीमागे गेले.

ती बिचारी गोंधळली. इतिहासघरात मार्गदर्शक म्हणून लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. बावीस-तेवीस वर्षांची, अंगाने किडकिडीत, गळ्यात ओळखपत्र. आपलंच काही चुकलं असं समजून तिने ते वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. “हे नेहमीचं वस्तुसंग्रहालय नाही. इथे तोफेला बत्ती द्यायची, चिलखत घालून बघायचं, टाकसाळीत नाणं पाडायचं. चला, कोण येतंय पुढे?”

कोणी आलं नाही. हात मागे, नजर समोर, दोघांमध्ये हातभर अंतर. मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

“सर, मुलं घाबरलीत का?” तिने मला बाजूला घेऊन विचारलं.

“छे! शिस्त आहे ती,” मी म्हणालो.

त्या शिस्तीपायी मी पंधरा दिवस घसा फोडला होता. मी रुजू होण्याच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेची सहल दुसऱ्या एका संग्रहालयात गेली होती, माझ्या आधीच्या सरांबरोबर. तिथे कुणीतरी एका सरदाराच्या पुतळ्याची मिशी खरी आहे का ते ओढून पाहिलं आणि अर्धी मिशी हातात आली. त्या संग्रहालयाचं तक्रारपत्र खरमाटे हेडसरांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. कुणी सहलीचं नाव काढलं की ते बोलत नसत, फक्त काचेवर बोट टेकवत.

मी बोरजाईवाडीच्या शाळेत इतिहास शिकवायला आलो त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली की माणूस कायम होतो, पण त्याआधी हेडसरांचा गोपनीय अहवाल संस्थेकडे जातो. तो अहवाल त्या सहलीनंतर जायचा होता. “तगारे,” हेडसर मला म्हणाले होते, “सहल सुखरूप आणा. एकाही पोराचा हात एकाही वस्तूला लागता कामा नये. मग तुमचं कायम होणं माझ्याकडे लागलं.”

आणि मला कायम व्हायचंच होतं. कारण कायम झालेल्या माणसालाच बदली मागता येते. मिरजेला आमच्या संस्थेची मोठी शाळा होती, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. बोरजाईवाडी म्हणजे माणदेशाच्या पार टोकाला. आठवड्यातून दोनदा टँकर, दिवसातून एकदा एसटी, बाकी मेंढरं आणि वारा. बदलीचा अर्ज मी आधीच लिहून ट्रंकेत ठेवला होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. हे अर्थात मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून मी पोरांचा सराव घेतला. अंगणवाडीतून पातेली, परात, पिंप अशी भांडी मागून आणली, शाळेच्या सभागृहात मांडली आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. पातेलं म्हणजे शिरस्त्राण, पिंप म्हणजे तोफ. पोरं रांगेने हात मागे बांधून फिरायची. चौथ्या दिवशी मी जास्तच शहाणपणा केला. लाडीगोडीच्या आवाजात म्हणालो, “लाव रे हात, बिरू. मी सांगतोय ना?” बिरूने परातीला हात लावला आणि मी त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. पाचव्या दिवशी मंगल सरगरला म्हणालो, “आता खरंच लाव. आईशप्पथ काही करणार नाही.” तिलाही पाच फेऱ्या. नंतर कुणीच फसेना. मला वाटलं, याला म्हणतात अध्यापन.

वर हेडसरांनी एक वही दिली होती. आमच्याकडे सर वर्गात नसले की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो, तसलाच हा प्रकार. फक्त इथे हात लावणाऱ्यांची नावं लिहायची होती. वहीच्या पानापानावर हेडसरांची सही होती, म्हणजे पान फाडायची सोय नाही. ती वही आठवीच्या मॉनिटरकडे, रुक्मिणी करांडेकडे, दिलेली. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि तोंडावर कायम जनगणनेला आल्यासारखा भाव. एकदा तिने फळ्यावर बोलणाऱ्यांत स्वतःचंच नाव लिहिलं होतं, कारण “गप बसा” असं ती बोलली होती.

तर आता रुक्मिणी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून, मृण्मयीच्या शेजारी उभी होती आणि पोरं रांगेने इतिहासघर बघत होती. म्हणजे नुसती बघत होती. तोफ बघितली. जातं बघितलं. मोडी लिपीत स्वतःचं नाव उठवायचे शिक्के होते, तेही लांबून बघितले. चिलखतापाशी बिरू मेटकरी थबकला, त्याच्या पाठीमागची बोटं वळवळायला लागली. रुक्मिणीने पेन्सिल कागदावर टेकवली. बोटं गप झाली.

“सर,” मृण्मयी अगदी रडकुंडीला आली होती, “मला प्रत्येक शाळेचा फॉर्म भरावा लागतो. त्यात सहभाग म्हणून एक रकाना आहे, दहापैकी. तो तुमच्या हेडसरांना आणि संस्थेलाही जातो. मला तिथे शून्य लिहावं लागेल हो.”

“संस्थेला?”

“हो. शून्य मिळवणारी तुमची पहिलीच शाळा.”

हात लावला तर वहीत नावं, नाही लावला तर फॉर्ममध्ये शून्य. हेडसर शहरात संस्थेच्या कचेरीत गेले होते आणि बरोबर दोनला आम्हाला गाठणार होते. घड्याळात सव्वा वाजला होता.

मी रुक्मिणीला हळूच म्हणालो, “वही जरा दप्तरात ठेवतेस का?”

“हेडसरांनी दिलीया, सर.”

“मी तुझा वर्गशिक्षक आहे.”

“त्ये हेडसर हायती.”

हिच्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी चिडून इकडेतिकडे पाहिलं आणि मला ती वस्तू दिसली. किल्ल्यावरचा बंदिखाना उभा केला होता, त्यात एक खोडा होता. एकावर एक अशा दोन जाड फळ्या, मधे पाय अडकवायला भोकं, समोर बसायला ओटा. वर पाटी: ‘कैद्याचा अनुभव घ्या.’ माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“मुलांनो!” मी म्हणालो. “नियम काय आहे? हात लावायचा नाही. पायाचं कुठे काही म्हटलंय का?”

पोरं विचारात पडली.

“न्हाई,” पोपट घेरडे म्हणाला.

“झालं तर मग! पाय लावा. हे बघा, आधी मी लावतो. एकेकाने यायचं, पाय घालायचा, काढायचा. झाला सहभाग!”

मृण्मयी “सर, एक मिनिट, त्याची एक पद्धत...” म्हणेपर्यंत मी वरची फळी कोपराने उचलून दोन्ही पाय भोकांत ठेवलेसुद्धा. फळी धाडकन खाली आली. बाजूला कुठेतरी टक् असा आवाज झाला.

“काय झालं?” मी विचारलं.

“खुंटी पडली,” मृण्मयी म्हणाली. “ती आपोआप पडते. सोडवताना दोघांनी दोन बाजूंनी फळी उचलायची आणि तिसऱ्याने खुंटी ओढायची. आत बसलेल्याचा हात पोचत नाही, म्हणून तर... म्हणजे तेच तर त्यात शिकायचं आहे, सर.”

मी वाकून बघितलं. नव्हता पोचत.

“काही हरकत नाही,” मी हसून म्हणालो. “बिरू, तू ती बाजू धर. पोपट, तू ही. मंगल, खुंटी ओढ.”

कोणी हललं नाही.

“अरे, हात लावा!”

पाठीमागचे हात आणखी घट्ट झाले.

“सर,” बिरूने आदबीने विचारलं, “ही परीक्षा हाय का खरं?”

“खरं आहे!”

“मागल्या बुधवारी बी खरंच म्हनला हुता.”

“आता खरंच खरं आहे! आईशप्पथ!”

“मला बी आईशप्पथच घातली हुती,” मंगल म्हणाली. “आन् मंग पाच येढं मारायला लावलं.”

मृण्मयीने एका बाजूने फळी उचलून पाहिली. एका बाजूने ती तसूभर उठायची आणि पुन्हा माझ्या घोट्यावर बसायची. दोनदा बसल्यावर मी तिला हात जोडले. इतिहासघरात त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं आणि तिथला शिपाई सावळाराम डबा खायला बाहेर गेला होता. “मी त्यांना घेऊन येते!” म्हणून ती पळाली.

मग मी ओरडलो. मी फार ओरडलो. तुमची प्रगतिपुस्तकं बघतो म्हणालो, तुमच्या बापांना बोलावतो म्हणालो, पाय झाडायचा प्रयत्न केला. घामाने शर्ट अंगाला चिकटला. पोरं तोंड उघडं टाकून बघत होती.

“काय करत्यात रं सर!” पोपट कुजबुजला. “येकदम खऱ्यावानी.”

“डोळ्यात पानी बी आनलंय,” कुणीतरी मागून म्हणालं.

ते पाणी मी आणलेलं नव्हतं. डाव्या पोटरीत गोळा आला होता.

रुक्मिणी मात्र माझ्याकडे न बघता वहीकडे बघत होती. “पाय लिवायचा का न्हाई?” ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दीड वाजून गेला. हेडसर दोन म्हणाले की दोनलाच येणारे. ते दारातून आत येणार, आणि त्यांना काय दिसणार? इतिहासाचे शिक्षक खोड्यात आणि पुढ्यात हात बांधून चाळीस पोरं. गोपनीय अहवालात याला काय शब्द वापरतील ते मला सुचेना. मिरज मला दिसायची बंद झाली. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “बाळांनो, मी तुम्हाला फसवलं ते चुकलं माझं. पण आता नाही फसवत. काय केलं म्हणजे तुमचा विश्वास बसेल?”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बिरू पुढे आला.

“भंडारा उचलता का, सर?”

माणदेशात शपथा पुष्कळ घालतात, आईच्या, गळ्याच्या, विद्येच्या, आणि त्यातल्या पुष्कळ मोडतातही. पण बिरोबाचा भंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. बांधाचं भांडण असो नाहीतर हरवलेल्या मेंढराचं, भंडारा उचलला की ते तिथे मिटतं. माझा स्वतःचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण वर्गात बेलभंडाराचा धडा मीच रंगवून रंगवून सांगितला होता. जुन्या काळी बेलभंडार उचलून शब्द देत आणि त्या एका शब्दावर गडावरची माणसं दरवाजा उघडून खाली उतरत, हेही मीच सांगितलं होतं.

“तुमीच शिकीवलंय,” बिरू म्हणाला.

“दे,” मी म्हणालो.

सहलीला निघताना आईने त्याच्या खिशात भंडाऱ्याची पुरचुंडी घातली होती. ती काढण्याआधी त्याने रुक्मिणीकडे बघितलं. “सोताच्या खिशाला चालतंय,” ती म्हणाली. त्याने पुरचुंडी सोडून चिमूटभर पिवळा भंडारा माझ्या तळव्यावर ठेवला. पोरं पुढे सरकली.

“ही परीक्षा नाही,” मी म्हणालो. “माझे पाय खरंच अडकलेत. तुम्ही हात लावा. इथल्या सगळ्या वस्तूंना लावा. कुणाला काही शिक्षा होणार नाही.”

सगळे रुक्मिणीकडे बघायला लागले. तिने थोडा विचार केला.

“सरांनी भंडाऱ्यावर सांगितलंय,” ती म्हणाली. “मंग नावं लिवायची न्हाईत.” आणि तिने वही मिटली.

माझा जीव भांड्यात पडला. बिरू आणि पोपट दोन बाजूंना गेलेसुद्धा.

“थांबा रं,” रुक्मिणी म्हणाली. “सर, भंडारा हातात हाय तवर येक इचारू का?”

“आधी सोडवा, मग विचार.”

“मंग भंडारा हातात न्हाई राहनार.”

मी मनगटाकडे बघितलं. पावणेदोन. “बरं, विचार लवकर.”

ती समोर येऊन उभी राहिली, वही छातीशी धरून.

“चव्हाण सर कायम झालं आन् चार म्हैन्यात गेलं. इंग्रजीच्या बाई कायम झाल्या, त्या उन्हाळ्याच्या सुट्टीस्नं आल्याच न्हाईत. गनिताचं सर तर निरोप बी न घेता गेलं, आमी त्यांच्यासाठी हार आनून ठिवला हुता. तुमी कायम झालात की जानार का?”

“हा काय प्रश्न झाला, रुक्मिणी?”

“भंडारा हातात हाय, सर.”

एरवी मी दिवसातून दहा वेळा खोटं बोलत असे. गृहपाठ तपासला म्हणून, भाकरी आवडली म्हणून, गाव चांगलं आहे म्हणून. ‘छे गं, कुठे जातोय’ हे चार शब्द माझ्या जिभेवर तयार होते. पण तळव्याला घाम सुटला होता, भंडारा त्यात कालवून पिवळाजर्द झाला होता, आणि चाळीस पोरं त्या तळव्याकडे बघत होती. माझ्या तोंडून खोटं निघेना. मला त्या पोरीचा भयंकर राग आला.

“हो,” मी म्हणालो. “जाणार आहे. अर्ज लिहून ठेवलाय.”

मंगल पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली.

“मंग सोडवायचं का न्हाई?” पोपटने विचारलं. मला नाही, रुक्मिणीला.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, गणित मांडल्यासारखं बघत होती.

“सोडवा,” ती म्हणाली. “खरं बोल्ल्यात.”

दोघांनी फळी उचलली, मंगलने खुंटी ओढली. एवढंच तर काम होतं. मी लंगडत उभा राहिलो आणि त्याच क्षणी बांध फुटल्यासारखी पोरं चौफेर सुटली. तोफेचा आवाज झाला. पाठोपाठ पुन्हा झाला. बिरू चिलखतात शिरला आणि त्याला त्यातून खाली बसता येईना, तसा तो ताठ लाकूड होऊन सगळीकडे फिरू लागला. मुलींनी जात्याचा ताबा घेतला, खुंटा उलट्या बाजूला बसवलाय म्हणून नाकं मुरडली आणि गाणं लावलं. पोपटने मोडीचे शिक्के दोन्ही दंडांवर उमटवून घेतले. सावळारामला घेऊन धापा टाकत परत आलेली मृण्मयी दारातच थांबली आणि हसायला लागली. मीही टाकसाळीच्या घणाखाली एक नाणं पाडलं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर दिलं होतं, वहीत एकाही पोराचं नाव नव्हतं आणि मिरज पुन्हा दिसू लागली होती.

सगळ्या गोंधळात रुक्मिणी तेवढी खोड्याच्या ओट्यावर मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, तिला वाईट वाटलंय. जाऊन काहीतरी बोलावं असं मनात आलं. पण मोडीच्या शिक्क्यांपाशी रेटारेटी झाली आणि ते राहून गेलं.

ठीक दोनला हेडसर आले. तोवर मी पोरांना रांगेत उभं केलं होतं. एकही वस्तू मोडली नव्हती. मृण्मयीने फॉर्म पुढे केला: सहभाग, दहापैकी दहा. हेडसरांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

“वही,” ते म्हणाले.

रुक्मिणीने वही दिली. मी निवांत उभा होतो. हेडसरांनी पान उघडलं. मग उलटलं. मग आणखी एक उलटलं.

ती वही अजून आमच्या शाळेच्या कपाटात आहे. दर जूनमध्ये कपाट आवरताना माझ्या हाताला लागते, म्हणून तपशील चुकत नाही. हजेरीच्या क्रमाने चाळीस नावं, नीट समास सोडून. ‘मेटकरी बिरू, चिलखत.’ ‘सरगर मंगल, खुंटी, नंतर जातं.’ ‘घेरडे पोपट, फळी, शिक्के, तोफ दोन वेळा.’ स्वतःच्या जागी ‘करांडे रुक्मिणी, ओटा.’ आणि शेवटच्या पानावर एक्केचाळिसावं: ‘तगारे सर. आधी पाय, मग दोन्ही हात.’ प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं.

“पाय?” हेडसरांनी माझ्याकडे बघून विचारलं.

“सर, इथे हात लावायचाच असतो,” मृण्मयी मधे पडली. “त्यांनी फार छान—”

“तुमच्याकडे लावत असतील, ताई,” हेडसर शांतपणे म्हणाले. “माझ्या वहीत चालत नाही.” त्यांनी वही बगलेत धरली. “तगारे, शिस्तीचं अजून एक वर्ष बघू. अहवाल पुढच्या साली.”

बसमध्ये मी पुढच्या सीटवर बसलो. मागे पोरं गात होती. अर्धा तास मी दातओठ खात तो आवाज ऐकला, मग रुक्मिणीला हाक मारली. ती आली आणि दांडा धरून उभी राहिली.

“नावं लिहायची नाहीत म्हणाली होतीस.”

“व्हय.”

“मग?”

“तवा तुमी जानार हाय हे ठावं नव्हतं.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“कायम झालो की जानार, आसं तुमीच बोललात. भंडाऱ्यावर. म्हंजी ते काय बदलायचं न्हाई,” ती मला समजावून सांगत होती, मी वर्गात समजावतो त्याच आवाजात. “मंग तुमी कायमच नाय झालं तर जाता येत न्हाई.”

“अगं, माझ्या नोकरीचा प्रश्न होता तो!”

“नोकरी कुटं गेलीया, सर? हाय तितंच हाय की.”

मला तिचा कान धरून पिळावासा वाटला. हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तोवरच्या माझ्या आयुष्यात मी जाऊ नये म्हणून कुणी काही केलं नव्हतं. मिरजेहून निघालो तेव्हा घरच्यांनी ‘बरं झालं, लागली एकदाची’ म्हणून हात झटकले होते. आणि ही पोर, जिने स्वतःचं नावसुद्धा कधी लपवलं नव्हतं, तिने माझ्यासाठी आपला शब्द मोडला होता. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने मी नाक पुसलं आणि शिक्षकाला शोभेल असा आवाज काढला.

“ठीक आहे. पुढच्या वर्षी तू नववीत. वही दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल. मग बघू.”

“न्हाई, सर,” रुक्मिणी म्हणाली. “म्या बसमंदी चढतानाच हेडसरांस्नी इचारलं. दहावीपातूर वही माज्याकडंच हाय.”